अवघड माणसं आणि ख्रिस्ती सहनशीलता

ख्रिस्ती लग्नात एक उतारा हमखास वाचला जातो. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. प्रीती कशी असते ते त्यात सांगितले आहे आणि तिचा पहिलाच गुण सांगितला आहे तो सहनशीलतेचा. नवरानवरी नटून उभी असतात, नातेवाईक खुशीत असतात, त्यामुळे हा उतारा नव्या जोडप्यासाठीच लिहिला असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. खरे तर तो भांडखोर माणसांना लिहिलेला आहे. इ. स. 55च्या सुमारास हे पत्र गेले तेव्हा करिंथच्या मंडळीत गट पडले होते. विश्वासी म्हणवणारी माणसे एकमेकांना कोर्टात खेचत होती. प्रभुभोजनालासुद्धा काही जण आधीच पोटभर खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाला हे सगळे ठाऊक होते, आणि त्याच पत्रात त्याने त्यांना खडसावलेही आहे. सहनशीलतेचे बोल आले ते या भांडणाच्या मध्यावर.

हा संदर्भ सुटला की सहनशीलता म्हणजे शांत स्वभावाच्या माणसाला जन्मतः लाभलेली देणगी वाटू लागते. ‘तो मुळातच गरीब स्वभावाचा, त्याला जमते, आपल्याला नाही जमत,’ असे आपण म्हणून मोकळे होतो. ख्रिस्ती परंपरा मात्र तिला सद्गुण मानते, म्हणजे सरावाने अंगी बाणवायची गोष्ट. आणि सरावाला समोर अवघड माणूस लागतो. एकटा राहणारा माणूस सहनशील आहे की नाही, हे त्याचे त्यालाही कळायला मार्ग नसतो.

तिचे मूळ कशात आहे, हे येशूच्या एका दाखल्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का? त्यावर येशू एका राजाच्या चाकराची गोष्ट सांगतो. चाकर राजाचे दहा हजार तालांत देणे लागतो. तो पाया पडून मुदत मागतो आणि राजा त्याला सगळेच कर्ज माफ करतो. बाहेर पडताच या चाकराला त्याचे शंभर दिनार देणे लागणारा सोबती भेटतो. तोही पाया पडतो, जवळजवळ त्याच शब्दांत मुदत मागतो, पण हा त्याला तुरुंगात टाकतो.

यातल्या रकमा नुसत्या ऐकून सोडायच्या नाहीत. दिनार ही साधारण एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात भरे, घोटवडे फाटा, पिरंगुट या पट्ट्यात कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्याला हा हिशोब सोपा आहे. रोज 500 रुपये धरला तर सोबत्याचे कर्ज 50,000 रुपये होते आणि चाकराला माफ झालेले कर्ज 3,000 कोटी. एक दुसऱ्याच्या सहा लाख पट.

बहुतेक प्रवचनांत या मोठ्या आकड्यावर भर दिला जातो. मला लहान आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काही चिल्लर नव्हे. मजुराच्या घरात तेवढ्या पैशात मुलीचे वर्षभराचे शिक्षण होते, आजारपण निघते. म्हणजे समोरच्याने तुमचे केलेले नुकसान खोटे आहे, मनाला लावून घेऊ नका, असे येशू कुठेच म्हणत नाही. नुकसान खरेच आहे. फक्त ते मोजायला बसताना स्वतःला मिळालेली माफीही त्याच वहीत मांडायची आहे. ख्रिस्ती सहनशीलता मनाच्या मोठेपणातून येत नाही, ती ऋणाच्या जाणिवेतून येते. देव मला सोसतो आहे, माझी माणसेही मला सोसत आली आहेत, म्हणून मी सोसायचे.

पुढच्या काळातल्या विचारवंतांनी हा धागा पकडून ठेवला. इ. स. 200च्या आसपास कार्थेजच्या तेर्तुलियनने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि आपल्या अंगी हा गुण नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकले. त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने इ. स. 256मध्ये सहनशीलतेवर लिहिले तेव्हा बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून त्याचा रोमच्या बिशपाशी कडाक्याचा वाद चालू होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सहनशीलतेला धैर्याच्या घरात जागा दिली. त्याचे म्हणणे असे की दुःखाने खचून हातातले चांगले काम सोडून न देण्याची ताकद म्हणजे सहनशीलता. ही व्याख्या फार उपयोगाची आहे. तिच्यात गप्प बसण्याचा उल्लेखच नाही. कुणाच्या वागण्याने मनात कडवटपणा साठला आणि त्यापायी आपण चांगले वागणे सोडले तर सहनशीलता संपली. तोंडाने चकार शब्द काढला नसला तरी संपली.

कॅथलिक शिकवणुकीत दयेची सात आत्मिक कार्ये सांगितली जातात. अज्ञानी माणसाला शिकवणे, दुःखिताचे सांत्वन करणे यांच्या रांगेतच त्रासदायक माणसांना धीराने सोसणे हे एक कार्य येते. पोप फ्रान्सिस यांनी 16 नोव्हेंबर 2016 रोजी आपल्या बुधवारच्या सार्वजनिक भेटीत याच कार्यावर प्रवचन दिले होते. आपण स्वतः कुणाला त्रासदायक होतो का, हे तपासा, असा त्यांचा आग्रह होता.

याचा रोजच्या जगण्यातला नमुना पाहायचा तर फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेसाकडे जावे लागते. ती 1888मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात गेली आणि 1897मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिने मागे ठेवलेल्या आत्मकथनात मोठे चमत्कार नाहीत. कपडे धुताना शेजारची भगिनी रुमाल असे आपटायची की घाण पाण्याचे शिंतोडे हिच्या तोंडावर उडायचे. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी भगिनी सारखा आवाज करायची आणि तो सहन करताना हिला घाम फुटायचा. आणखी एक भगिनी अशी होती की तिची प्रत्येक गोष्ट तेरेसाला खटकायची. तिच्यासाठी तेरेसा प्रार्थना करी, तिला मदत करी, तिच्याशी हसून बोले. इतके की एके दिवशी त्या भगिनीनेच विचारले, तुला माझ्यात एवढे काय आवडते? पण माझ्या मते सर्वांत मोलाची कबुली वेगळीच आहे. तोंडून कठोर शब्द निघणार असे वाटले की तेरेसा तिथून चक्क पळ काढायची, आणि हे तिने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. सहनशीलतेत खोलीबाहेर निघून जाणेही बसते, हे कुणीतरी सांगायला हवे होते. अनेक घरांतली भांडणे पाच मिनिटे बाहेर जाण्याने टळतात.

मराठीत या विषयावरचे सर्वांत खरे पुस्तक मात्र धर्मशास्त्राचे नाही. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. 1934पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात आले. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने मराठीतले एक थोर आत्मचरित्र लिहिले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घरात अवघड माणसांची वाण नव्हती. वडील सोवळ्याच्या पराकोटीला गेलेले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. सासरे तापट. आणि नवरा, कवी नारायण वामन टिळक, हा तर सोबत राहायला महाकठीण माणूस. राग चटकन येई आणि चटकन उतरे. हातात पैसा ठरत नसे. एका नोकरीत मन रमत नसे आणि घरी न सांगता निघून जाण्याची सवय होती. माणूस लोभस, दानशूर, प्रतिभावंत, पण संसाराचा हिशोब ठेवणारीला त्या प्रतिभेचा रोजच्या रोज भुर्दंड पडे.

1893च्या सुमारास नागपूर-राजनांदगावच्या आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी हे आभाळ कोसळणेच होते. जवळजवळ पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. या काळातले त्यांचे दुःख वाचवत नाही.

इथे थोडे थांबून एका कायद्याकडे पाहायला हवे. 1866मध्ये इंग्रज सरकारने धर्मांतरितांच्या विवाहासंबंधी एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल, तर धर्मांतर केलेल्याला कोर्टामार्फत तो विवाह मोडून घेता येई. टिळकांना ही वाट मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. सगळ्याच बाबतींत उतावळा असलेला हा माणूस या एका बाबतीत थांबून राहिला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. त्या आपला स्वयंपाक वेगळा करीत, आपले पाणी वेगळे ठेवीत. जातपात मानू नये असे कळकळीने सांगणाऱ्या कवीच्या घरात त्याच्या हातचे पाणीसुद्धा बायको घेत नव्हती, आणि त्याने तिच्यावर धर्माची जबरदस्ती केली नाही. 1900मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाला पटल्यावर, स्वतःच्या पावलांनी चालत जाऊन.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना बहुतेकांना लक्ष्मीबाईंचे सोसणे दिसते, आणि ते दिसायलाच हवे, कारण त्या काळी बाईच्या वाट्याला आलेले सोसणे पुरुषाच्या कैक पट होते. पण या घरात अवघड माणूस एकच नव्हता. ती त्याला अवघड होती, तो तिला अवघड होता. दाखल्यातल्या चाकराला जे कळले नाही ते या दोघांना हळूहळू कळत गेले: आपणही कुणाच्या तरी सहनशीलतेवर जगतो आहोत.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे दोष झाकले नाहीत. त्याचा संताप, त्याचा विसरभोळेपणा, त्याची उधळपट्टी हे सगळे नावगावासह त्यांनी छापले, तेही तो कवी म्हणून महाराष्ट्रभर पूजला जात असताना. पण त्या पानांत विष नाही. जखम सांगताना त्यांना हसू येते, आणि ते हसू कुणाला टोचण्यासाठी नसते. खरे बोलणे आणि माया करणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात मावतात, याचा इतका भक्कम पुरावा मराठीत दुसरा नाही. टिळक 9 मे 1919 रोजी गेले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्णत्वाला नेले.

टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो. सहनशीलतेच्या बाबतीत हे नाते सहज पटते. पैठणच्या एकनाथांची कथा मराठी घरात कुणाला ठाऊक नाही? गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस वरून थुंकायचा आणि नाथ निमूट पुन्हा स्नानाला जायचे. परंपरा सांगते की हे एकशे आठ वेळा घडले. अशा मातीत ख्रिस्ती सहनशीलतेची शिकवण उपरी ठरली नाही. वेगळेपण असेल तर आधारात आहे. नाथांच्या कथेत संताची अढळ शांती मध्यभागी असते. ख्रिस्ती शिकवणुकीत मध्यभागी असतो माफ झालेला कर्जदार, जो मुळात अजिबात शांत नाही.

मतभेदाच्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे लागते. इंग्लंडात वाँटेज येथील मठात राहून त्यांनी 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, आणि दोघींचे पटता पटत नव्हते. सिस्टरना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाई चर्चचा प्रत्येक सिद्धांत तपासून पाहत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचे की नाही यावरूनही वाद झाला, त्यात बिशपांची मते आली, आणि माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या स्वाधीन करणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी लेखी दिले. त्यांची पत्रे आज ग्रंथरूपात वाचायला मिळतात. एवढ्या तिखट पत्रव्यवहारातही रमाबाई सिस्टरना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या, आपली मुलगी मनोरमा हिची आजी या नात्याने. मुद्दा एक इंचही सोडायचा नाही आणि नाते एक दिवसही तोडायचे नाही, हे या पत्रांत पानोपानी दिसते. पुढे ती पत्रे जपून, जुळवून ठेवली तीही सिस्टर जेराल्डीन यांनीच.

आता या विषयाच्या दुखऱ्या बाजूकडे येतो. सहनशीलतेच्या नावाखाली चर्चमध्ये आणि घरांत अनेकांना, विशेषतः बायकांना, मार खात गप्प बसायला सांगितले गेले आहे. आजही सांगितले जाते. ही शिकवण शास्त्राला धरून नाही, हे ठामपणे म्हटले पाहिजे. महायाजकापुढे चौकशी चालू असताना शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली तेव्हा येशूने उलटा हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का, असे त्याने त्या शिपायाला विचारले. फिलिप्पै शहरात पौलाला रोमन नागरिक असताना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तर पौल अडून बसला: त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे. अन्यायाचा जाब विचारणे हे सहनशीलतेच्या विरुद्ध नाही, याला याहून मोठा आधार कोणता हवा?

अक्वायनसची कसोटी इथेही लावून पाहावी. सोसल्याने चांगले काही टिकते आहे का? मारहाण गप्प राहून सोसली तर मारणाऱ्याचे पाप वाढते, मुलांच्या मनावर ओरखडे उठतात आणि सोसणारीचा जीव धोक्यात येतो. टिकते आहे ती फक्त बाहेरची अब्रू. अशा घरातल्या बाईला 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहे, 181 ही हेल्पलाइन आहे. पाळकाने किंवा फादरनी तिला प्रार्थना करायला जरूर सांगावे, पण त्याबरोबर हा नंबरही द्यावा. न दिल्यास ते आपल्या कामात कमी पडले, असे मी म्हणेन.

मारहाण सोडून उरतात ती रोजची अवघड माणसे. घालूनपाडून बोलणारा सुपरवायझर, प्रत्येक बैठकीत खोडा घालणारा सोसायटीचा सभासद, वृद्धपणी हट्टी झालेली आई, आणि शेताचा शेजारी. पुणे शहर सरकत सरकत मुळशीत आले तशी भऱ्याच्या आसपास जमिनीला सोन्याची किंमत आली आणि बांध कोरण्याची जुनी खोड भाऊबंदांना नव्याने जाळू लागली. दर पावसाळ्याआधी नांगर वीतभर आत घालायचा आणि काही झालेच नाही अशा चेहऱ्याने रामराम करायचा. अशा शेजाऱ्यापुढे ख्रिस्ती माणसाने काय करावे? वीतभर जमीन दरवर्षी सोडून द्यावी? कुणाला ती आनंदाने सोडता आली तर सोडावी. पण मनात जळत राहून सोडली तर ती सहनशीलता नव्हे, तो साठवलेला राग आहे, आणि तो कधी तरी कुऱ्हाड घेऊन बाहेर येतो. तालुक्याच्या कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेले दावे बहुधा अशाच गप्प बसण्यातून उगवलेले असतात.

सरळ वाट अशी. पौड या तालुक्याच्या गावी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, सगळ्यांच्या समक्ष हद्द दाखवली जाते, ‘क’ प्रत हातात येते आणि प्रश्न कागदावर मिटतो. हे करताना शेजाऱ्याविषयी पारावर वाईट बोलायचे नाही, त्याच्या मुलाच्या लग्नाचे आमंत्रण आले तर आहेर घेऊन जायचे, त्याच्या घरी आजारपण असेल तर दवाखान्यात डोकावायचे. अवघड आहे, पण एवढे जमले तर करिंथकरांच्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नमंडपातून बांधावर आला असे म्हणता येईल.

आणि एक विनंती. नोटीस त्याच्या हातात पडण्याआधी स्वतः त्याच्या घरी जा, आणि अर्ज दिला आहे हे त्याला तुमच्या तोंडून सांगा.